नाचणे ते भाट्ये: दहा महिने घाम गाळल्यानंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात रक्तातली साखर सीमारेषेवर आली आणि डॉक्टरांनी रोज पाऊण तास तरी अंग हलवा म्हणून सांगितलं. आम्ही रत्नागिरीत नाचण्याला राहतो. दहा महिन्यांत जवळपासचं जे जे म्हणून आहे ते वापरून पाहिलं. इथे नवीन राहायला आलेल्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी भाट्ये, कारण माझा सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला. काजळी नदी समुद्राला मिळते तिथला पूल ओलांडला की सुरूचं बन आणि पुढे साधारण दीड किलोमीटर सपाट किनारा. पार झरी विनायकापर्यंत चालत जाता येतं. ओली वाळू घट्ट असते, गुडघ्यांना डांबरी रस्त्यासारखा हिसका बसत नाही. पण पहिले दोन आठवडे माझी फार चिडचिड झाली. एखाद्या दिवशी धावायला मैदानासारखा किनारा मिळे, तर कधी पाणी सुरूच्या मुळांशी आलेलं आणि पायाखाली भुसभुशीत कोरडी वाळू. मी रोज घड्याळ बघून साडेपाचला जात होते.

भाट्यातल्या एका होडीवाल्या काकांनी एकदा हटकलं, "वयनी, आज षष्ठी ना? साडेचारला भरती झाली. आता धावनार कुटं?" मग त्यांनी हिशेब शिकवला. तिथीला पाऊणने गुणायचं, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पाणी सर्वांत मागे जातं, आणि ते दिवस उधाणाचे असल्यामुळे खूपच मागे जातं. त्रयोदशी ते द्वितीया, पंधरवड्यातले हे पाच-सहा दिवस संध्याकाळी धावण्यासाठी सोन्यासारखे. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस, तेव्हा पाणी फार वरही चढत नाही आणि फार मागेही सरत नाही. हिशेब अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून मी मोबाइलवर भरतीचं कोष्टकही बघते, पण दिवस ठरवते तिथीवरच. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आता माझ्या धावण्याच्या खुणा असतात.

मांडवीला मी फक्त चालायला जाते. तिथली काळी वाळू दुपारनंतरही तापलेली असते, अनवाणी चालवत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं खनिज असतं, काळेपणा त्याचाच.

पावसाळ्यात किनारा सोडावाच लागला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ज्यांचं आयुष्य पाण्यावर गेलं ते होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा आपण लाटांशी खेळायला जाऊ नये. म्हणून जूनमध्ये एका बॅडमिंटन हॉलचे तीन महिन्यांचे पैसे भरले. जुलैत छप्पर गळू लागलं, दोन कोर्ट बंद झाली आणि उरलेल्या एकावर चाळीस मिनिटं रांगेत बसायचं. पैसे परत मागितले तर "पुढच्या मोसमात बघू" म्हणाले. तो मोसम अजून आलेला नाही. तुम्ही पावसाळ्यासाठी हॉल घेणार असाल तर एकेका महिन्याचेच पैसे भरा, आणि भर पावसाच्या दिवशी जाऊन आधी छप्पर बघा.

शेवटी ते महिने रेनकोट घालून चालण्यावर काढले. थिबा पॉइंटपर्यंतचा चढ चांगला दम काढतो. वर उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी आणि राजिवड्याच्या होड्या दिसतात. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथेच आणून ठेवलं, १९१६ साली तो इथेच वारला. पावसात एकटी तिथे उभी असताना त्याची आठवण हटकून येते.

श्रावण सरता सरता सडे, म्हणजे इथली कातळाची माळरानं, फुलले आणि मी नवऱ्याची जुनी सायकल बाहेर काढली. कातळावर सीतेची आसवं निळी-जांभळी पसरलेली असतात, तिथे सायकल हातात धरूनच चालावं, चाकं फुलांवर घालू नयेत. उक्षीला जाऊन कातळात कोरलेला हत्तीही पाहून आले. तसली चित्रं असलेल्या सड्याजवळ आपण राहतो याचं मला फार अप्रूप वाटतं.

थंडीत आरे-वाऱ्याचा रस्ता. शिरगाव, साखरतरचा पूल, मग बसणी आणि पुढे तो चढ, जिथून दोन्ही किनारे एकदम दिसतात. या सबंध परिसरात याच्याहून सुंदर व्यायाम नाही. मात्र साडेसातच्या आत परत फिरा. शनिवार-रविवारी नऊनंतर गणपतीपुळ्याला निघालेल्या गाड्या वळणावर अंगावर येतात. आणि आरे-वाऱ्यात पोहायला उतरू नका, पाणी कितीही शांत दिसलं तरी. तिथे बुडून माणसं गेली आहेत. खाऱ्या वाऱ्याने सायकल गंजते, महिन्याभरात साखळी लाल झाली होती. आता घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुते, पुसते आणि तेल घालते.

रत्नदुर्गावर मी महिन्यातून दोनदा जाते. भगवतीचं देऊळ आणि तटावरून तिन्ही बाजूंचा समुद्र यासाठी, व्यायाम म्हणून नव्हे.

लेकीचं वेगळंच चाललंय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताचे दोन्ही संघ जिंकले, ते बघून तिने हट्ट धरला. रत्नागिरीला खो-खोची चांगली परंपरा आहे, तेव्हा शिकवणारे शोधावे लागले नाहीत. ना फी मोठी, ना कसलं साहित्य लागत, दोन खांब आणि मोकळी जमीन पुरते. तांबड्या मातीचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत, कोपरं सोलली जातात, पण खांबाला वळसा घालताना तिचं अंग जसं झुकतं ते बघताना माझा ऊर भरून येतो. मुलीच्या खेळासाठी काही निवडायचं असेल तर महागड्या वर्गांच्या आधी हे बघा.

तक्रार एकच आणि ती मनापासून. भाट्यावर सुट्टीच्या दिवशी लोक गाड्या थेट वाळूत घालतात. चाकांच्या चरांत पाय मुरगळतो, बाटल्यांच्या काचा सापडतात. गेल्या डिसेंबरात एका मुलाच्या तळव्यात काच घुसली, माझ्या ओढणीने बांधून त्याला रिक्षात बसवलं. तेव्हापासून बुटांशिवाय धावत नाही आणि पिशवी नेते. रोज मूठभर काचा तरी निघतात.

साखर आता खाली आली आहे. उद्या तृतीया, सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास सुकती. मी पुलापासून झरी विनायकाकडे निघालेली असेन.