बॅटरीचा ग्राइंडर दहा महिने वापरल्यावर

परवा सर्व्हिस सेंटरमधून माझ्या ग्राइंडरची (लोखंड कापायच्या-घासायच्या मशीनची) बॅटरी परत आली. जशी दिली तशीच आली, वर एक चिठ्ठी: आत लोखंडाची पूड गेली आहे, वॉरंटीत बसत नाही. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "दादा, ग्राइंडर लोखंडावर नाही चालवायचा तर कशावर चालवायचा?" नियम आहे म्हणाला. अर्धा तास वाद घालून निघालो. नवी बॅटरी साडेपाच हजारांना आहे. तेवढ्या पैशात आमच्याकडे वायरचे चार इंची ग्राइंडर दोन येतात. ऐन गणपतीच्या तोंडावर, कामं अंगावर असताना हे झालं. रागाच्या भरात काहीतरी लिहीन म्हणून दोन दिवस थांबलो.

कोल्हापुरात आमचा फॅब्रिकेशनचा छोटा गाळा आहे. खिडक्यांच्या जाळ्या, सेफ्टी डोअर, जिन्याची रेलिंग अशी कामं. गाळ्यात वायरचे तीन ग्राइंडर आधीपासून होते. गेल्या दिवाळीत बॅटरीचा सेट घेतला: मशीन, १८ व्होल्टच्या ४ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या आणि चार्जर, सगळं मिळून सोळा हजारांच्या आसपास. (खोक्यावर कोणी १८ लिहितं, कोणी २०. दोन्ही एकच.) घेण्याचं कारण साइट. चौथ्या मजल्यावर जाळी बसवताना खालून एक्स्टेन्शन ओढायचं, कोणाच्या तरी घरात प्लग मागायचा, आणि मध्येच कोणी बटण बंद केलं की जिने उतरून खाली यायचं. हे ज्यांनी केलंय त्यांना जास्त सांगायला नको.

पहिल्या महिन्यात मी इतका खूश होतो, की वायरचे दोन ग्राइंडर विकून टाकावेत असं घरी बोललोसुद्धा. विकले नाहीत हे बरं झालं. साइटवर चार होल्डफास्ट (भिंतीत रोवायच्या लोखंडी पट्ट्या) कापायचे, एखादा टॅक (वेल्डिंगचा छोटा टाका) साफ करायचा, एवढ्याला हे मशीन उत्तम आहे. टेबलावर दिवसभराचं काम काढलं की हिशेब उलटतो. १८ गुणिले ४ म्हणजे बॅटरीत ७२ वॉट-अवर वीज. आमच्या वायरच्या मशीनच्या नेमप्लेटवर ८५० वॉट आहे. ते पूर्ण लोडवर पाच मिनिटांत एवढी वीज खातं. माझ्या हातात एका बॅटरीवर २५ बाय २५ च्या दोन मिमी जाडीच्या स्क्वेअर पाइपचे ४० ते ४५ कट निघाले. वेल्डचे बीड (जोडावर उठलेली रेघ) घासायला जाड चाक लावलं तर आठ-दहा मिनिटांत मशीन गप्प. एप्रिल-मे महिन्यात तर तापलेली बॅटरी चार्जर घेतच नव्हता. गार होईपर्यंत नुसता दिवा लुकलुकायचा, तोवर दुसरीही संपलेली. म्हणून टेबलावर वायरच.

तरीही मी बॅटरीवाल्या मशीनला नुसत्या शिव्या घालून हे संपवत नाही, त्याला कारण आहे त्याचा ब्रेक, बटण सोडलं की चाक लगेच थांबवणारा. घेताना मी त्याकडे लक्षही दिलं नव्हतं.

फेब्रुवारीत गाळ्यात एक प्रकार घडला. हेल्परने वायरचा ग्राइंडर टेबलावर ठेवला आणि पाइप उचलायला वळला. चाक फिरतच होतं. मशीन थोडं घसरलं आणि चाक त्याच्याच वायरवर चढलं. वरचं रबर कापून आत तांब्याला लागलं, मोठी ठिणगी उडाली आणि मेन ट्रिप झाला. पोरगा बाजूला होता म्हणून वाचला. मी ओरडलो. तो म्हणाला, "मालक, बंद करूनच ठेवला होता." आणि ते खरं होतं. स्विच बंदच होता.

त्या संध्याकाळी मोबाइल घेऊन मोजलं. वायरच्या मशीनचं बटण सोडल्यावर पातळ कटिंग व्हील पूर्ण थांबायला सात-आठ सेकंद लागले, जाड चाकाला त्याहून जास्त. बॅटरीवाल्याचं चाक दोन सेकंदांच्या आत उभं. वीस वर्षं मी हे सात सेकंद रोज शंभर वेळा बघत होतो आणि कधी मोजले नव्हते. मिनिटाला ११,००० फेरे म्हणजे चार इंची चाकाची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर धावते. तेवढा वेळ हातातलं मशीन कुठे टेकवायचं, या घाईत माणूस ते फिरतं असतानाच खाली ठेवतो. शर्टाची बाही, एप्रनची नाडी, वायर, काहीही त्यात जाऊ शकतं. मेव्हण्याला दोन्ही मशीनं शेजारी ठेवून दाखवली, तोही बघत राहिला.

दुसरी गोष्ट याच्याच जोडीची. कट मारताना लाईट गेली, सरकवायचा स्विच चालूच राहिला, आणि लाईट आल्यावर ग्राइंडर आपोआप सुरू होऊन टेबलावरून उडाला, हे आमच्याकडे दोनदा झालंय. बॅटरीवाल्यात स्विच चालू ठेवून बॅटरी बसवली तरी मशीन सुरू होत नाही. आधी बंद करावा लागतो, मग चालू. (चाकावरचं गार्ड काढून चालवणाऱ्यांना मात्र ना ब्रेक वाचवेल ना काही.)

आता बॅटरीबद्दल. चूक माझीही आहे. चार्जर ग्राइंडिंगच्या टेबलाखालीच ठेवला होता, सगळी पूड त्याच्यावर आणि बॅटरीच्या टोकांवर बसायची. आता दुसरी बॅटरी झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, चार्जर ऑफिसच्या कपाटात. पण दहा महिन्यांत साडेपाच हजारांची बॅटरी गेली याचं दुःख जात नाही. वायरच्या मशीनचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे, झिजणारे तुकडे) संपले तर शंभराच्या आत जोडी मिळते आणि स्क्रू ड्रायव्हरने दहा मिनिटांत बदलून होतात. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, जळलं तर उद्यमनगरात रिवाइंडिंग करून, म्हणजे तार पुन्हा गुंडाळून मिळतं. बॅटरी मेली की तिच्यासाठी कोल्हापुरात मला एक माणूस सापडला नाही.

तेव्हा नवी बॅटरी घेत नाही. उरलेल्या एकीवर साइट निघेल. ते साडेपाच हजार टेबलासाठी वायरच्या अशा ग्राइंडरवर घालतोय ज्यात ब्रेक आहे, हात सुटला की बंद होणारा पॅडल स्विच आहे आणि लाईट आल्यावर जो आपोआप सुरू होत नाही. अशी मशीनं पाच इंचात मिळतात. वर पैसे घालावे लागले तरी घालीन. दुकानदाराने मागवून देतो म्हटलंय. कोणी वर्षभर वापरला असेल तर एवढंच सांगा, ब्रेकमुळे कार्बन लवकर झिजतात का, आणि किती महिन्यांनी बदलावे लागले.