तीन पत्ते, बरोबरीची पैज आणि माझी चुकलेली मोजणी

पैसे गेले ते गेलेच. पण जास्त सलतं ते हे, की सगळा व्यवहार माझ्या डोळ्यांदेखत झाला. पत्त्यांवर खूण नव्हती की हातचलाखी नव्हती. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

एका लांबच्या प्रवासात ओळख झालेल्या माणसानं जाड कागदाचे तीन पत्ते काढले. एक दोन्ही बाजूंनी लाल, दुसरा दोन्ही बाजूंनी पांढरा, तिसरा एकीकडे लाल आणि एकीकडे पांढरा. तिन्ही मला उलटसुलट करून पाहू दिले. मग पिशवीत टाकून, न बघता एक काढून खाली ठेवायला सांगितलं. वरची बाजू लाल निघाली.

"हा पांढरा-पांढरा नाही, हे उघड आहे," तो म्हणाला. "म्हणजे लाल-लाल किंवा लाल-पांढरा. दोनच शक्यता, निम्मी-निम्मी. मी म्हणतो, खालीही लालच. तुम्ही पांढऱ्यावर लावा. बरोबरीची पैज."

मला यात काहीच खोट दिसली नाही. वर पांढरा आला की तो खालीही पांढरा म्हणायचा, मी लाल. 30 डाव झाले, त्यातले मी 9 जिंकलो. मधेच 5 डाव सलग हरलो, तेव्हा आता आपली पाळी येणारच असं वाटून मी रक्कम वाढवली. खरं तर प्रत्येक डावानंतर तिन्ही पत्ते पिशवीत परत जात होते, त्यामुळे पुढच्या डावाची शक्यता होती तेवढीच राहत होती. सगळ्यात मोठं नुकसान मी याच समजुतीपायी करून घेतलं.

घरी आल्यावर तसेच पत्ते केले आणि बाजूंना आकडे दिले. तेव्हा लक्षात आलं की मोजायचे पत्ते नव्हते, बाजू मोजायच्या होत्या. लाल बाजू एकूण तीन. त्यातल्या दोन लाल-लाल पत्त्याच्या, एक मिश्र पत्त्याची. वर दिसलेली लाल बाजू या तिघींपैकी कोणतीही असू शकते, आणि तिघींची संधी सारखी. दोघींच्या मागे लाल आहे, एकीच्याच मागे पांढरा. म्हणजे तो 3 पैकी 2 वेळा जिंकणार, मी 1 वेळा. याहून सोपं सांगायचं तर तो दर वेळी 'दोन्ही बाजू सारख्या' यावरच पैज लावत होता, आणि तीनपैकी दोन पत्ते तसेच होते! बरोबरीच्या पैजेत दर डावाला सरासरी एक तृतीयांश रक्कम माझ्या हातून जात होती. पैज न्याय्य व्हायची तर मी जिंकल्यावर मला लावलेल्या रकमेच्या दुप्पट मिळायला हवे होते.

फ्रेंच गणिती जोसेफ बर्ट्रांड यांनी 1889 मध्ये सोन्याचांदीच्या नाण्यांच्या तीन पेट्या घेऊन हेच कोडं मांडलं होतं. तेव्हापासून माहीत असलेल्या गोष्टीत मी फसलो, याचं फार वाईट वाटतं.

'दोनच शक्यता आहेत' असं कोणी म्हणालं, तर त्या दोन्ही सारख्याच वेळा घडतात का, हे आधी विचारा. तेवढं मोजता येत नसेल तर निदान बाजू बदलून मागा.

काही महिन्यांनी दुसऱ्या एकानं मला तीन फासे दाखवले. आपला एक आकडा निवडायचा, तो एका जरी फाशावर आला तर आपण जिंकलो. "आकडे सहा, फासे तीन, म्हणजे निम्मी संधी." या वेळी मी कागद घेतला. तीन फाशांचे एकूण प्रकार 6×6×6, म्हणजे 216. आपला आकडा एकाही फाशावर न येण्याचे 5×5×5, म्हणजे 125. उरले 91. संधी शेकडा 42 च्या आसपास, निम्मी नव्हेच.

मी म्हणालो, "चालेल, फक्त आकडा तुम्ही निवडा, तुमची बाजू मी घेतो."

त्यानं फासे उचलून खिशात टाकले.