माझा गिअरबॉक्स चांगला होता

४१,५०० रुपये. पंचवीस वर्षं पोरांना नफा-तोटा शिकवला, आणि हे एवढे पैसे मी न झालेल्या कामाचे मोजले. बायको म्हणते लिहू नका, गावात हसतील. हसू द्या. आमच्या भागात जुन्या गाड्या घेणारे खूप आहेत, आणि उद्या त्यातल्याच कोणाला तरी असंच सांगितलं जाईल, "भाऊ, तुमचा गिअरबॉक्स गेला."

गाडी २०१३ची. छोटी डिझेल, हाताने गिअर टाकायची, जुनीच विकत घेतलेली, १ लाख १० हजार किलोमीटर चाललेली. दिवाळीनंतर अंजनगावहून परतवाड्याला जाताना संत्र्याच्या ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला. इंजिन एकदम ओरडलं, आरपीएमचा काटा २,००० वरून ३,५०० वर गेला, आणि गाडी मात्र होती तिथेच, साठवर. ट्रकवाल्याने हात दाखवला, मी मागे सरकलो. काच खाली केली तर जळक्या कागदासारखा वास. मला वाटलं, ट्रकचा असेल.

पुढच्या आठवड्यात सपाट रस्त्यावरही पाचव्या गिअरमध्ये तेच. रेस वाढते, वेग वाढत नाही. साळ्याला सांगितलं. त्याच्या ओळखीचं एक गॅरेज तालुक्याच्या गावी होतं. "आपला माणूस आहे भाऊजी, डोळे झाकून गाडी सोडा." मी डोळे झाकले.

त्या मिस्त्रीने गाडी पन्नास मीटर नेली आणि परत आणून उभी केली. "सर, गिअरबॉक्स स्लिप होऊन रायला. आतले दाते गेले. खोलाच लागते." खोलल्याशिवाय दाते कसे दिसले, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं कारण सांगतो. गाडीतलं मला काही कळत नाही, हे त्या चार पोरांसमोर दिसू नये म्हणून मी समजल्यासारखी मान हलवत होतो. मास्तराला "मला समजलं नाही, पुन्हा सांगा" म्हणता येत नाही. पोरांना मात्र आम्ही तेच रोज शिकवतो.

दोन दिवसांनी बोलावणं आलं. गॅरेजात गिअरबॉक्स खाली काढलेला, गोणपाटावर ठेवलेला. मिस्त्रीने बोट पुढे केलं, त्यावर करडी चकचकीत पेस्ट. "पाहा सर, लोखंड उतरून रायलं." मग टेबलाखालून दोन दात तुटलेलं एक गिअर काढून माझ्या हातात दिलं. जड होतं. तुटलेल्या दाताच्या कडेला तांबूस गंज होता, आणि ते धरून झाल्यावर मी हात पुसायला रुमाल काढला तर पुसायला काही नव्हतंच. हात कोरडा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गिअर मात्र मागून घेतलं, वर्गात पोरांना दाखवायला.

ओव्हरहॉल, गिअर सेट, सिंक्रोनायझर रिंगा, नवं गिअर ऑइल, "आणि काढलंच आहे तर क्लच प्लेट नवी टाकून देतो", मजुरी. एकूण ४१,५००. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, वर १८ टक्के जीएसटी लागेल, कायले उगाच? मग १५,००० मोबाइलवरून दिले, २६,५०० रोख. कागद म्हणाल तर वहीचं अर्धं पान, त्यावर नुसती बेरीज. गाडी मस्त चालली. साळ्याला घरी जेवायला बोलावलं.

तीन महिनेही नीट गेले नाहीत. पुण्याचे पाहुणे आले, चिखलदरा पाहायचं म्हणाले. गाडीत आम्ही पाच. चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे, परतवाड्याकडून चढ चांगला लागतो. घाटातल्या एका वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळतंय आणि गाडी बैलगाडीच्या चालीने. तोच जळका वास, या वेळी पुढे ट्रक नव्हता. पाहुण्यांना उतरवलं. अर्धा तास गाडी थंड होऊ दिली, मग रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवून, कशीबशी वळवली आणि खाली आणली. तेव्हा हे नशिबाने बरोबर केलं. पुढे कळलं की अशा वेळी जोरात रेस देणं, अर्धा क्लच दाबून चढणं म्हणजे क्लच प्लेटबरोबर फ्लायव्हील, म्हणजे ती प्लेट ज्याला टेकते ते इंजिनाचं चाकही जाळणं.

परतवाड्यात एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे चाचा म्हणतात. त्यांनी बोनेट उघडलंही नाही. गाडी मोकळ्या मैदानात उभी करून हँडब्रेक पूर्ण ओढायला लावला, उजवा पाय ब्रेकवर, गाडी चालू, क्लच दाबून चौथा गिअर. "आता क्लच सोडा." सोडला. इंजिन झटका खाऊन बंद पडायला हवं होतं. ते जरा दबलं आणि आरामात चालू राहिलं. "बस. बंद करा. दुसऱ्यांदा नाही करायचं, अजून जळेल." मग म्हणाले, "मास्तर, गावात पिठाची चक्की आहे ना? मोटर फिरते अन् जातं फिरत नाही, तर काय बदलता?"

"पट्टा बघतो."

"मग जातं बदलायले कोणी सांगितलं तुम्हाले?"

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला तो पट्टा म्हणजे क्लच. हाताने गिअर टाकायच्या गाडीत गिअरबॉक्समधले दात एकमेकांत अडकलेले असतात, ते "स्लिप" होत नाहीत. गिअरबॉक्स बिघडला तर खरखर येते, गिअर पडताना करकरतो किंवा चालता चालता आपोआप सुटून न्यूट्रलला येतो. रेस वाढून वेग न वाढणं हे क्लचचं दुखणं, आणि ते आधी वरच्या गिअरला, ओझ्यावर, चढावर दिसतं. चाचांची परीक्षा जास्त गेलेल्या क्लचला पकडते. सुरुवातीची घसरण असेल तर इंजिन बंदही पडेल, म्हणून रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने चौथ्या गिअरमध्ये एकदम पाय दाबून काट्याकडे पाहायचं. कधीकधी तर प्लेट चांगली असते, नुसती केबल ताठ झालेली असते. पायडलला वर बोटभर ढिलाई राहिली नाही की क्लच पूर्ण बसतच नाही. ते काम पाच मिनिटांचं.

माझ्या गाडीचं पाच मिनिटांत भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी बॉक्स उतरवला तेव्हा मी स्टूल टाकून शेजारी बसलो, आणि या वेळी न लाजता विचारत गेलो. गिअरबॉक्सच्या दोन भागांच्या सांध्यावर कंपनीचा डिंक जसाच्या तसा, बोल्टांच्या डोक्यावर पान्याचा एक ओरखडा नाही. तो कधी उघडलाच नव्हता. तेल निघालं ते काळं, जुनं. "नवी" प्लेट म्हणजे जुन्याच प्लेटवर नवं लायनिंग रिव्हेट करून बसवलेलं, मधल्या स्प्रिंगा झिजून सैल. चाचांनी त्यावर अंगठा फिरवला, काळा चिकट झाला. इंजिनाच्या क्रँकचं मागचं ऑइल सील गळत होतं, इंजिनाचं तेल प्लेटवर येत होतं. पहिली प्लेटही त्या तेलानेच गेली असणार. काही शे रुपयांचं सील. पहिल्या मिस्त्रीने ते बदललं असतं तर निदान त्याची लबाडी तरी वर्षभर टिकली असती.

आणि ते बोटावरचं लोखंड? गिअरबॉक्सच्या ड्रेन बोल्टला, म्हणजे तेल काढायच्या बोल्टला, बहुधा चुंबक असतं, त्यावर तशी बारीक पेस्ट चांगल्या गाडीतही जमते. काळजी तुकडे निघाले तर करायची. गिअर मी घरून नेलं होतं. चाचांनी हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि हसले. "हे तेलात होतं म्हणता? याच्यावर तर गंज हाय. अन् हे तुमच्या गाडीत मावतच नाही, जुन्या जीपचं दिसते." तेव्हा मला तो कोरडा रुमाल आठवला.

प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सील, मजुरी धरून ८,९०० झाले. नवे भाग माझ्यासमोर खोक्यातून निघाले, जुने पिशवीत घालून दिले. मागावे लागले नाहीत.

ऑटोमॅटिक गाडीचं वेगळं आहे. एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सवर यंत्र बसवलेली गाडी असेल तर आत साधाच क्लच असतो, दाबणारा पाय तेवढा यंत्राचा. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये मात्र गिअरबॉक्सच खरोखर घसरू शकतो. तिथे आधी त्याचं तेल पाहायला लावा, कमी आहे का, काळं पडून जळका वास येतो का. आणि ती दोरीने ओढत नेऊ नका, उचलून न्या, नाहीतर नसलेलं काम निघेल.

मी पहिल्या गॅरेजात परत गेलो. "घाटाची गॅरंटी नसते सर," एवढंच उत्तर. पुतण्या वकिली करतो. तो म्हणाला, २०१९च्या ग्राहक कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत आहे, ५ लाखांपर्यंत फी नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरला फोन करून नोंदही होते. "पण काका, पुरावा काय?" पुरावा म्हणजे मोबाइलवरचे १५,००० आणि वहीचं अर्धं पान. १८ टक्के वाचवायला गेलो, त्याने मिस्त्रीच वाचला. तरी बॉक्सच्या सांध्याचे, प्लेटचे आणि त्या गिअरचे फोटो लावून पुतण्याने नोटीस पाठवली.

पंधरा दिवसांनी १५,००० परत आले, साळ्याच्या हस्ते. साळा दारातूनच गेला, चहालाही थांबला नाही. रोखीचे २६,५०० बाकी आहेत. मिस्त्री म्हणतो, कापूस निघाला की देतो. त्याचं वावर कुठे आहे ते मी अजून विचारलेलं नाही.