९०० रुपयांचं ऑफिस: लातूरच्या अभ्यासिकेतले चौदा महिने

मी एमपीएससी देत नाही, नीटही देत नाही, आणि पोलीस भरतीसाठी लागते तेवढी छाती माझ्याकडे नाही. तरी गेले चौदा महिने लातूरच्या एका अभ्यासिकेत महिन्याला ९०० रुपये भरून ३४ नंबरच्या खुर्चीवर बसतोय. धंदा सॉफ्टवेअरचा. नोकरी नाही, दोन बाहेरची कामं आणि एक स्वतःचं ॲप, त्यावर घर चालतं. अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मालक भला माणूस आहे. ट्यूशन एरियात अशा अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. एकीत चार दिवस बसलात की बाकीच्यांचा अंदाज येतो.

पुण्याहून परत आलो तेव्हा सुरुवातीला घरीच बसायचो. पण घरी बसून केलेलं काम आमच्याकडे कामात धरत नाहीत. 'घरीच हाय की' एवढ्या एका वाक्यावर मी सिलिंडर उतरवून घेतला, आत्याला बसस्टँडवर सोडलं, लाईटबिल भरलं. एका दुपारी ग्राहकाच्या सर्व्हरवर काहीतरी अडकलं आणि मी गिरणीत ज्वारीच्या दळणाचा नंबर धरून उभा, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईलवरचं काळं टर्मिनल. गिरणीवाला म्हणाला, "व्हिडिओ नंतर बगा, डबा पुढं सरकवा." त्याच संध्याकाळी अभ्यासिकेचा जिना चढलो.

प्रवेशाच्या फॉर्मवर 'कशाची तयारी' असा रकाना आहे. यूपीएससी, एमपीएससी, सरळसेवा, नीट, जेईई, इतर. मी 'इतर'वर खूण केली. मालकानं चष्म्यावरून पाहिलं.

"सर, तुमी नेमकी कशाची तयारी करूलालाव?"

"सॉफ्टवेअर बनवतो. कॉम्प्युटरवरचं काम."

"म्हंजे बँकिंग."

त्यानं वहीत बँकिंग लिहिलं. आजही माझी पावती बँकिंगच्या पानावर फाटते. त्या पावतीवर जीएसटी नंबर वगैरे काही नसतं. सीएला दाखवली तर तो हसला. माझं आयकराचं विवरणपत्र ४४एडीए या कलमाखाली गेलं होतं, त्यात जमेच्या निम्मी रक्कम नफा धरतात आणि खर्चाच्या पावत्या जोडायचा प्रश्नच येत नाही. म्हणाला, फ्रेम करून लाव.

आता जागेचं. दोन मजले, प्रत्येकावर साठेक खुर्च्या, मध्ये सनमायका लावलेल्या प्लायवूडच्या आडभिंती. टेबलाची रुंदी माझ्या हिशोबानं अडीच फूट. लॅपटॉप, वही, पाण्याची बाटली ठेवली की संपलं. दुसरा मॉनिटर आणायची परवानगी मागितली होती, मालक म्हणाला, मग उद्या कुणी टीव्ही आणील. सकाळी सहाला शटर वर, रात्री अकराला खाली. खालच्या मजल्यावर एसी आहे, त्याचे १३०० पडतात. मी वरच्या मजल्यावर कूलरखाली बसतो. मे महिन्यात दुपारी कूलर दमट वारा मारतो आणि टेबलावर हात चिकटतो. त्या महिन्यापुरते ४०० जास्त भरून खाली जावं, हे मला दुसऱ्या उन्हाळ्यात कळलं.

प्लगचं थोडं सविस्तर सांगतो, कारण जाहिरातीत 'प्रत्येक सीटला चार्जिंग पॉइंट' एवढंच लिहिलेलं असतं. पहिली खुर्ची १२ नंबर मिळाली. प्लग खोचला की ढिला, वहीच्या कागदाची घडी सारावी लागे. ते चाललं असतं. पण लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर मनगट टेकवलं की बारीक मुंग्या यायच्या. मला वाटलं टाईप करून नस दबली. मग एकदा चार्जर काढला आणि मुंग्या गेल्या. चार्जरमधून जी किंचित गळती होते ती अर्थिंगवाटे जमिनीत जायला हवी. बोर्डाला तीन भोकं होती, पण मोठ्या भोकाच्या मागे वायरच ओढलेली नव्हती. मालकाला सांगितलं तर त्याला आधी चेष्टा वाटली. मी त्याचा हात धरून लॅपटॉपवर हळूच सरकवला. दुसऱ्या दिवशी वायरमन हजर. पण त्यानं फक्त ३१ ते ३६ या रांगेलाच अर्थिंग ओढलं, बाकीचं 'दिवाळीनंतर'. कुठली दिवाळी ते सांगितलं नव्हतं. मी ३४ वर आलो तो असा.

लाईट गेली की इन्व्हर्टरवर ट्यूब आणि पंखे चालतात, प्लग नाही. पोरांचं पुस्तकावर भागतं. माझ्या लॅपटॉपची बॅटरी साडेतीन तास टिकते, त्यामुळे तासाभराच्या कटाला मी भीत नाही. पण डीपीच जळाली तर दिवस गेला. तेवढ्यासाठी इन्व्हर्टरवरचा एक प्लग द्या म्हणून विनवलं, ते अजून झालेलं नाही.

वाय-फाय आहे. पासवर्ड एक तारखेला बदलतो आणि फी भरलेल्यालाच मिळतो. वसुलीची याहून साधी पद्धत मी पाहिलेली नाही. सकाळी सात ते दहा उत्तम चालतं. कोड चढवणं-उतरवणं तर रात्रीही होतं, कारण गिट या कोड साठवायच्या साधनात बदललेला मजकूर तेवढाच जातो. पण रात्री नऊनंतर सगळी पोरं व्हिडिओ लेक्चर लावतात, तेव्हा डॉकरची, म्हणजे अख्खं सॉफ्टवेअर एकत्र बांधलेली, एक-दोन जीबीची इमेज ओढायला बसलात तर शटर खाली येईल. अशा वेळी मोबाईलचं हॉटस्पॉट. भिंतीवर सूचना आहे, 'रील पाहताना आढळल्यास सीट रद्द'. एकदा मी ॲपच्या जाहिरातीसाठी तीस सेकंदांचा व्हिडिओ तपासत होतो, मालक मागे येऊन उभा. समजावून सांगायला पाच मिनिटं लागली, आणि त्याला व्हिडिओ आवडला नाही.

पाण्याचा कूलर जिन्यात, वर लिहिलंय 'लागेल तेवढंच घ्या, ग्लास अर्धा भरा'. बाहेरगावच्या पोरांना हा कंजूषपणा वाटतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून या शहरात पाणी आलं होतं, तेव्हा ही पोरं दुसरी-तिसरीत असतील. मालक तेव्हा घागरी घेऊन टँकरच्या रांगेत असायचा. ग्लास अर्धाच भरतो मी.

शांतता मात्र खरी आहे. पुण्यात मी को-वर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक ऑफिसात बसलोय, तिथे कॉफीचं यंत्र, बीनबॅग, आणि शेजारच्या टेबलावर दिवसभर कुणीतरी फोनवर पैसे उभे करत असायचं. इथे साठ माणसं एका हॉलमध्ये आणि पंख्याचा आवाज ऐकू येतो. शेजारचा पोरगा सकाळी सहाला येऊन रात्री दहाला उठतो. त्याच्यासमोर मी साडेअकराला आळस द्यायला लाजतो. माझं तासन्तास अडलेलं काम इथे सुटलंय, त्यात हुशारीपेक्षा या लाजेचा भाग मोठा.

या शांततेचा फटका पहिल्या आठवड्यात मलाच बसला. माझ्याकडे मेकॅनिकल किबोर्ड होता, निळ्या स्विचचा, खटखट करणारा. तिसऱ्या दिवशी जेवून आलो तर त्यावर चिठ्ठी: 'दादा, किबोर्ड लई वाजूलालाय. रविवारी पेपर हाय.' खाली सही नाही, पण तीन वेगवेगळ्या शाईत 'हो' लिहिलेलं. किबोर्ड घरी नेला. आता भाचा त्यावर गेम खेळतो.

फोनवर बोलायचं असेल तर गच्चीवर. हा सगळ्यात मोठा तोटा. माझा एक ग्राहक जर्मनीत आहे. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. त्यांची सकाळची बैठक म्हणजे आमची भर दुपार. मे महिन्यात पाण्याच्या टाकीच्या सावलीत, डोक्यावर ओला रुमाल टाकून मी डेटाबेसचं स्थलांतर समजावलंय. शेजारच्या इमारतीत खानावळ आहे, तिच्या कुकरच्या शिट्ट्या थेट माईकमध्ये. एकदा समोरच्यानं काळजीनं विचारलं, तुमच्याकडे आगीचा अलार्म वाजतोय का. म्हटलं नाही, डाळ आहे.

त्या खानावळीवरूनच माझ्या ॲपचं सुचलं. लातुरात बाहेरून आलेली हजारो पोरं डब्यावर जगतात आणि प्रत्येक खानावळीत खाड्यांची एक तेलकट वही असते. कुणी किती वेळा जेवलं नाही, त्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते. ते मोबाईलवर आणायचं. बनवलं. आता प्ले स्टोअरवर टाकायचं, तर गूगलचा नियम आडवा आला: १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल तर आधी बंद चाचणी, म्हणजे मोजक्या माणसांपुरती, घ्या. तेव्हा २० माणसं मागत होते, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आणली. बारा माणसं, सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवीत. इंटरनेटवर लोक यासाठी अनोळखी माणसांना पैसे देतात. माझ्याभोवती डब्यावर जेवणारी साठ पोरं बसली होती.

मालकाच्या परवानगीनं फळ्यावर लिहिलं. चहा माझ्याकडून, या अटीवर पंधरा जण आले. तीन जास्तीचे घेतले ते बरं झालं. एकाच्या वडलांनी सराव परीक्षेचे मार्क बघून स्मार्टफोन जप्त केला आणि हातात बटणाचा फोन दिला. दुसऱ्यानं नको ते बटण दाबून चाचणीच सोडली, आणि दोन दिवस 'चालू हाय की ओ दादा' म्हणत राहिला. तेरा टिकले.

पण या पोरांनी आकडा भरण्यापलीकडे माझं काम केलं. मी हिशोब दिवसावर बांधला होता: आज जेवला, आज नाही. चहाच्या गाड्यावर एक पोरगी म्हणाली, "दादा, खाडा दिवसाचा नसतोय, वेळंचा असतोय." सकाळचा डबा घेतला, संध्याकाळी गावाकडून आलेल्या मामासोबत बाहेर जेवले, तर खाडा एका वेळेचा. पुढे तिनंच सांगितलं, की तिच्या खानावळीचा महिना कॅलेंडरचा नसतो. महिना म्हणजे ६० डबे. ६० संपले की पैसे, मग ती १९ तारीख असो नाहीतर ४. दुसरा म्हणाला, आमच्याकडे आदल्या रात्री सांगितलं नाही तर खाडा धरत नाहीत. तिसऱ्याच्या रविवारी संध्याकाळी चूलच बंद, तरी ती वेळ ६० मध्ये मोजतात, आणि यावर त्याचं मालकिणीशी भांडण चालू होतं. मी कपातला चहा गार होईतो लिहून घेतलं. रात्री अकरापर्यंत 'दिवस' नावाचा रकाना मोडून 'वेळ' केला. त्याच्यावर उभं असलेलं सगळंच हललं. पुण्यातल्या काचेच्या खोलीत बसून मी हे चुकीचंच बांधलं असतं आणि चुकलंय हे कळायला वर्ष गेलं असतं.

हे वाचून कुणी यायचं ठरवलं तर वेळ बघून या. मेमध्ये नीट झाली की एका आठवड्यात हॉल निम्मा रिकामा होतो. भरतीवाले आणि एमपीएससीवाले तेवढे उरतात. तेव्हा खुर्ची निवडून मिळते. जूनच्या मध्यापासून नवीन बॅच येते, बापलेक पेटी-गादी घेऊन जिन्यात उभे असतात, मग संडासाजवळची सुद्धा मिळत नाही. दिवसाला दोनपेक्षा जास्त कॉल असतील तर येऊच नका. आणि ३४ मागू नका.

गेल्या ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशीला गावी गेलो, सहा दिवस इकडे फिरकलो नाही. एक तारखेला फी भरताना मालकाला म्हटलं, सहा दिवसांचा खाडा धरा की. त्यानं बँकिंगचं पान उघडलं, पूर्ण ९०० लिहिले आणि पावती फाडता फाडता म्हणाला, "खाडा खानावळीत, सर. खुर्ची तर उपाशी बसली हुती तुमच्यासाठी."