सायकल लेनच्या कडेचा बस स्टॉप: बेट की सामायिक फलाट?

रस्त्याच्या डाव्या कडेने कठडा घालून सायकल लेन करायची ठरली, की घोडं बस स्टॉपपाशी अडतं. बस डावीकडे थांबणार, दारही डावीकडेच उघडणार, आणि फूटपाथ व दार यांच्या मध्ये सायकली. आमच्या नेरूळच्या एका सेक्टर रोडसाठी दोन ड्रॉइंग्ज चर्चेला आली, तेव्हा रहिवाशांच्या वतीने मत द्यायला बसलेल्यांत मी होतो. मी सायकल चालवतो आणि आईला वॉकरसकट बसमध्ये चढवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या मला तोंडपाठ आहेत. तुमच्या वॉर्डात असा विषय निघाला असेल तर उपयोग व्हावा म्हणून लिहितो आहे.

पहिलं ड्रॉइंग बेटाचं. त्यात सायकल लेन शेडच्या मागून वळसा घेते, आणि शेड, बाकडं, माणसं सगळं रस्त्याकडच्या बेटावर. बेटावर जायला आधी लेन ओलांडायची, मग निवांत बसची वाट पाहायची. दुसरं सामायिक फलाटाचं. लेन सरळच जाते, स्टॉपपाशी फूटपाथच्या उंचीला चढते, शेड फूटपाथवर राहते, आणि बस आली की लेन ओलांडून थेट दारात. तिसरा प्रकार म्हणजे स्टॉपच्या अलीकडे लेन गुपचूप संपवून टाकायची. आपल्याकडे तो सर्रास दिसतो, पण त्याला डिझाइन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जागेचा हिशेब सरळ आहे आणि तो सामायिक फलाटाच्या बाजूने जातो. फूटपाथला किमान 1.8 मीटर, लेनला दीड ते दोन, आणि बेट धड हवं तर आणखी अडीच. व्हीलचेअर जागच्या जागी वळायला दीड मीटर लागतो आणि शेडचे खांबही कुठेतरी उभे राहणार, म्हणून अडीचच्या खाली मी तरी उतरणार नाही. सगळे मिळून सहा मीटर झाले. सिडकोने नवी मुंबईत आखलेल्या नोडमधल्या, म्हणजे नेरूळसारख्या उपनगरांतल्या, मोठ्या रस्त्यांवर एवढी जागा निघते. आतल्या गल्ल्यांत निघत नाही, तिथे हा वाद घालण्यात अर्थ नाही.

माझं मत ठरलं ते मात्र एका वैतागामुळे, आणि तो रुंदीचा नाही. आपल्याकडे बस ड्रॉइंगमधल्या चौकोनात थांबत नाही. स्टॉपच्या तोंडाशी शेअर रिक्षा उभ्या असतात, मग ड्रायव्हर त्यांच्या पुढे नाहीतर मागे, जिथे फट मिळेल तिथे बस घुसवतो. शेडखालची माणसं एकदम उठतात आणि दाराच्या दिशेने पळत सुटतात. यात ड्रायव्हरचा दोष किती, हा वेगळा विषय. सामायिक फलाटावर ही सगळी पळापळ सायकल लेनवरच होणार. म्हणजे लेन ओलांडण्याची वेळ आणि बस सुटण्याची भीती, दोन्ही एकाच क्षणाला. आईला त्या क्षणी डावीकडे-उजवीकडे बघ म्हणून सांगून काही उपयोग नसतो. तिची नजर दारावर आणि पाय वॉकरमध्ये.

बेटावर ओलांडण्याचं काम आधीच उरकलेलं असतं. बस यायच्या आधी, घाई नसताना, सायकलवाल्याकडे बघून. मग बस दहा पावलं पुढे थांबली तरी पळायचं ते बेटावरच. उतरतानाही तेच. दारातून पाऊल पडतं ते थेट सायकलच्या वाटेत नाही, आधी पिशवी सावरायला आणि दोन श्वास घ्यायला जागा मिळते.

डेन्मार्कमध्ये सामायिक प्रकार वर्षानुवर्षं चालतो, हे सांगणारे भेटतील, आणि ते खोटं बोलत नाहीत. पण तिथे नियम पक्का आहे: बेट नसेल तर उतरणाऱ्यांसाठी सायकलवाल्याने थांबायचं, बेट असेल तर प्रवाशांनी थांबायचं. तो नियम तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे. आपल्याकडे झेब्रा क्रॉसिंगवर कोण थांबतं ते बघा आणि मग ठरवा. ब्रिटनच्या सरकारनेही 2025 मध्ये स्थानिक संस्थांना सामायिक प्रकारचे नवे थांबे तूर्त थांबवायला सांगितलं.

आता बेटाविरुद्धची बाजू, कारण ती हलकी नाही. ब्रिटनमध्ये अंधांच्या संघटनांचा बेटालाही विरोध आहे. सायकल आवाज करत नाही, मग ओलांडायचं कशाच्या भरवशावर, हा त्यांचा सवाल. माझा एक मित्र पांढरी काठी घेऊन एकटा फिरतो. आमच्या सोसायटीच्या आवारात चुन्याने दोन्ही नमुने खऱ्या मापात आखले आणि त्याला चालायला लावलं. दोघं-तिघं पोरं सायकली घेऊन, बसच्या जागी इंजिन चालू ठेवलेला टेम्पो. बेटाच्या नमुन्यात तो कडेला थांबला, मान तिरपी करून चेनची कुरकुर ऐकली आणि गेला. सामायिक नमुन्यात टेम्पोच्या घरघरीत त्याला काहीच कळेना. म्हणाला, "दोन्ही वाईटच आहेत रे, पण पहिल्यात मला ऐकू तरी येतं. बस आली की माझे कानही जातात." ही काही चाचणी नव्हे, एका माणसाचा अनुभव आहे. ई-बाइकवरून सुसाट जाणारे डिलिव्हरीवाले त्यात नव्हते, तेही कबूल.

त्याच्याकडूनच एक गोष्ट कळली. ओलांडायची जागा फूटपाथच्या उंचीला आणली की आईच्या वॉकरला आणि व्हीलचेअरला सोयीचं, पण काठीला कडा लागत नाही. फूटपाथ कुठे संपला आणि लेन कुठे सुरू झाली, हे त्याला समजणार कसं? म्हणून तिथे ठिपक्यांच्या पिवळ्या लाद्या लागतातच, आणि बाकी लांबीला फूटपाथ व लेन यांच्यात थोडी पायरी ठेवलेली बरी. ब्रिटिश मार्गदर्शिकांत त्यासाठी 60 मिलिमीटरचा आकडा येतो. रेघांची लादी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांब. आपल्याकडे कंत्राटदार हाताला येईल ती बसवतो, आणि रेघा धरून चालणारा माणूस झाडाच्या आळ्यात जातो.

उंचीचा मुद्दा बैठकीत कुणी काढला नव्हता, म्हणून मी काढला. लो-फ्लोअर बसची फरशी रस्त्यापासून साधारण 400 मिलिमीटरवर असते, फूटपाथ 150 वर. उरले 250. एकास बारा या उताराने ही उंची चढायची तर तीन मीटरचा रॅम्प हवा, आणि बसमधून खाली येणारी फळी त्याहून बरीच आखूड, म्हणजे उतार चांगलाच खडा. बेटाचा फलाट हवा तर थोडा उचलता येतो, कारण तिथे फक्त बसची माणसं असतात. सामायिक प्रकारात फलाट उचलला की लेनही उचलली जाते, आणि प्रत्येक स्टॉपला सायकलवाल्यांना टेकाड चढावं लागतं. ते मग कठड्याबाहेरूनच जातील. मीही जाईन.

बेटाची खरी दुखणी दोन. एक म्हणजे स्कूटर. शेडमागची लेन म्हणजे सिग्नल चुकवायला आयती वाट. खांब रोवा म्हणाल, तर व्हीलचेअरला 900 मिलिमीटर मोकळे सोडावेच लागतात, आणि तेवढ्यातून स्कूटर हसत जाते. खांबांनी हे सुटत नाही. लेनला थोडं जास्त वळण आणि ओलांडायच्या जागी उंचवटा दिला तर वेग तरी पडतो, एवढंच म्हणेन. दुसरं म्हणजे शेड. आपल्या शेडचं छप्पर मागे उतरतं, म्हणजे जुलैत सगळं पाणी धारेने लेनमध्ये पडणार. सायकलवाला धार चुकवायला फूटपाथकडे सरकणार, तिथे छत्रीवाले. शिवाय शेडच्या बाजूला जाहिरातीचा उभा बोर्ड असतो, त्याच्याआडून माणूस अचानक लेनमध्ये येतो. आम्ही लिहून दिलं की छपराचा उतार रस्त्याकडे करा, पाण्याला पाइप द्या आणि सायकली येतात त्या बाजूचा बोर्ड काढून काच लावा. बोर्डाचं काय होतं ते बघायचं. जाहिरातीचे पैसे असतात त्यात.

एवढं सगळं असूनही मी बेटालाच मत दिलं. तुमच्या रस्त्यावर बस कमी असतील, रिक्षा नसतील आणि ड्रायव्हर शिस्तीत कडेला लावत असतील, तर सामायिक फलाट स्वस्तात आणि कमी जागेत होतो, त्याला नाकं मुरडू नका. जागाच नसेल तर तोच घ्या. फक्त सायकलवाल्याने थांबायची रेघ शेडच्या बरीच अलीकडे मागा, आणि लेन चढते तिथे पेव्हरचा रंग बदलायला सांगा.

आणि बेट घेणार असाल तर ड्रॉइंगवर तीन गोष्टी बोट ठेवून विचारा. बसचं पुढचं दार कुठे येतं? ओलांडायची जागा बेटाच्या दोन्ही टोकांना आहे की एकालाच? एकच दिली तर लोक मधूनच उड्या मारतात. आणि गटाराच्या चेंबरची झाकणं नेमकी ओलांडायच्या जागेवर तर येत नाहीत ना? आमच्या ड्रॉइंगमध्ये एक आलं होतं, पिवळ्या लाद्यांच्या बरोब्बर मध्ये. ते सरकवून घ्यायला बाकी सगळ्या चर्चेपेक्षा जास्त वेळ लागला.