जपानची साकुरा सहल आणि आत्याबाईंचा भडंगाचा डबा

पाडव्याची गुढी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. आम्ही दोघं, लेक आणि आत्याबाई. राजारामपुरीतल्या एका सहल कंपनीकडं जपानची आठ दिवसांची साकुरा, म्हणजे चेरीच्या फुलांचा बहर, बघायची सहल बुक केली होती. पैसे बक्कळ गेले, पण टोकियोतला एक दिवस बघितल्यावर त्याचं काही वाटलं नाही.

उएनो पार्कात टूर लीडरनं सकाळी लवकर नेलं, झाडाखाली निळी ताडपत्री अंथरली, चपला काढून बसायला सांगितलं आणि तीन तास कुणाला उठवलं नाही. माझे निम्मे गुण त्यालाच. आत्याबाई नऊवारीत मांडी घालून बसल्या, भडंगाचा डबा उघडला तर पाकळ्या थेट डब्यात! पाकळीच्या टोकाला बारीक खाच असते, हे तेव्हा दिसलं. झाडावर पान नावाला नाही, नुसती फुलं, आपल्या पळसासारखी. रंग मात्र इतका फिका की गुलाबी म्हणवत नाही. एका जुन्या खोडाला तर सालीतूनच चार-पाच फुलांचा झुबका फुटला होता. लेक त्याच्यापुढंच बसून राहिली. सोमेई योशिनो जातीची ही झाडं कलमानं वाढवलेली, म्हणून एका भागातली सगळी एकदम फुलतात आणि भर बहर जेमतेम आठवडाभर टिकतो, हे लीडरनं समजावलं.

शेजारच्या ताडपत्रीवरच्या आजींनी आत्याबाईंना साकुरामोची दिली. गोड डाळीचं सारण, वरून भात आणि चेरीचं खारवलेलं पान. आत्याबाईंनी पानासकट खाल्ली.

क्योटोत मात्र राग आला. तत्त्वज्ञाचा मार्ग म्हणतात तो कालव्याकाठचा रस्ता चांगला दोन किलोमीटरचा. पाण्यावर पाकळ्यांचा थर सरकत होता. त्याला तिथं हानाइकादा, म्हणजे फुलांचा तराफा म्हणतात. आणि आम्हाला दिली चाळीस मिनिटं, कारण पुढं खरेदीचं दुकान! आत्याबाईंचे गुडघे दुखतात, त्या अर्ध्यातून परत फिरल्या.

जेवणात आणखी एक चूक. आत्याबाई माळकरी, आणि व्हेज म्हणून आलेल्या सूपात दाशी, म्हणजे माशाचं पाणी निघालं. लीडरनं चूक कबूल केली आणि पुढं प्रत्येक वेळी आधी विचारूनच ताट वाढलं.

जाणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच क्योटोतली दुकानं काढून टाकायला सांगा. आणि भडंग भरपूर न्या. आमचं पहिल्याच दिवशी त्या आजींच्या नातवंडांनी संपवलं.