हस्तलिखित बंद लिफाफ्यात द्यायचं की चावडीवर ठेवायचं?

संशोधनपर पुस्तकाचं हस्तलिखित जवळपास तयार आहे. विद्यापीठीय प्रकाशनाच्या संपादकांचा मेल येतो: दोन परीक्षकांकडे तर पाठवतोच आहोत, पण ओपन पीअर रिव्ह्यूला, म्हणजे मसुदा सगळ्यांपुढे ठेवून करायच्या खुल्या परीक्षणाला, तुमची तयारी आहे का? इथे भले भले अडखळतात. 'ओपन' हा शब्दच असा की नाही म्हटलं तर आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं. ते आधी मनातून काढून टाका. इथे तुमच्या सचोटीची परीक्षा नाही. तुमच्या हस्तलिखिताला आत्ता कशाची गरज आहे, एवढंच पाहायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बंद परीक्षण पुस्तकाचा सांगाडा तपासतं, खुलं परीक्षण परिच्छेद सुधारतं. सांगाड्याबद्दलच शंका असेल तर लिफाफा बरा. सांगाडा पक्का आहे, पण पुस्तक तुमच्या विषयाचं कुंपण ओलांडून दोन-तीन शेतांत शिरतंय, तर चावडी बरी. आणि जमत असेल तर दोन्ही करा. आजवर ज्यांच्या खुल्या परीक्षणाची चर्चा झाली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी तेच केलं आहे.

लिफाफ्यात काय होतं

नियतकालिकांच्या सवयीने आपण समजतो की परीक्षण म्हणजे दोन्हीकडची नावं झाकलेली. पुस्तकांत सहसा तसं नसतं. लेखक कोण हे परीक्षकाला माहीत असतं, परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही. दहा वर्षं एकाच विषयावर परिषदांतून बोलणाऱ्याचं तीनशे पानी पुस्तक नाव झाकून ओळखू येणार नाही, असं थोडंच आहे?

आधी प्रस्ताव आणि एखाद-दुसरं प्रकरण वाचायला जातं, नंतर पूर्ण हस्तलिखित. निदान दोन अहवाल येतात. लेखक त्यांना सविस्तर उत्तर लिहितो, आणि अहवाल व उत्तर असं सगळं बाड प्राध्यापकांच्या संपादक मंडळापुढे ठेवलं जातं. प्रकाशनाचा शिक्का तिथे बसतो. परीक्षकाला मानधन मिळतं. रोख नको असेल तर त्याच प्रकाशकाची पुस्तकं घेता येतात, आणि पुस्तकं घेतली तर रक्कम बहुधा दुप्पट धरतात. वर्षानुवर्षं नियतकालिकांसाठी फुकट राबणाऱ्यांना हे ऐकून गंमत वाटते. पण मानधन छोटं असलं तरी त्याचा एक परिणाम होतो: ज्याने काम अंगावर घेतलं, तो शेवटच्या पानापर्यंत जातो.

चांगल्या बंद अहवालातलं एखादं वाक्य कसं असतं पाहा: 'चौथ्या प्रकरणातला पुरावा पहिल्या प्रकरणातल्या दाव्याला आधार देत नाही, उलट त्याला छेद देतो; लेखकाने दोहोंपैकी एकावर फेरविचार करावा.' हे वाक्य लिहायला पहिलं आणि चौथं प्रकरण एकाच डोक्यात, एकाच आठवड्यात असावं लागतं. मधल्याच एका परिच्छेदाशी थांबून शेरा मारणाऱ्याला ते सुचणार नाही.

तोटेही सगळ्यांना ठाऊक आहेत. दोनच माणसं, आणि त्यांतलं एक चुकीचं निघालं तर निम्मं परीक्षण वाया. जुना हिशेब चुकता करणारा, स्वतःचेच लेख उद्धृत करायला लावणारा, सहा महिने झोपणारा, सगळे भेटतात. शिवाय अहवाल कितीही उत्तम असला तरी तो फायलीत जातो. पुस्तक वाचणाऱ्याला कळत नाही की अमुक प्रकरण कुणाच्या टोकण्यामुळे सुधारलं.

चावडीवर काय होतं

'ओपन पीअर रिव्ह्यू' म्हणजे एकच गोष्ट, असं धरून होकार देऊ नका. संशोधक टोनी रॉस-हेलौअर यांनी 2017 मध्ये या शब्दाच्या वेगवेगळ्या 122 व्याख्या गोळा केल्या आणि त्यांतून सात गुणधर्म काढले: नावं उघड असणं, अहवाल उघड असणं, कुणालाही भाग घेता येणं, लेखक-परीक्षकांत थेट संवाद होणं, मसुदा आधीच सार्वजनिक असणं, वगैरे. यांतलं एक असलं म्हणून दुसरं असतंच असं नाही. संपादकांना पहिला प्रश्न हाच विचारायचा: यांतलं नक्की काय उघडं ठेवणार आहात?

पुस्तकांच्या बाबतीत बहुधा मसुदा सार्वजनिक करतात आणि शेरे कुणालाही लिहू देतात. 2006 मध्ये मॅकेन्झी वॉर्क यांनी व्हिडिओ गेमवरच्या पुस्तकाचा मसुदा असा ठेवला, परिच्छेदागणिक, प्रत्येकाशेजारी शेऱ्यांना जागा. पुढच्या वर्षी ते हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. याच प्रयोगातून कॉमेंटप्रेस हे साधन आलं. शेरे पानाच्या तळाशी न ठेवता त्या त्या परिच्छेदाला चिकटवायचे, ही त्याची कल्पना. दिसायला किरकोळ, पण सगळं वळण तिथेच ठरतं. परिच्छेदाशेजारी पेटी दिली की माणूस परिच्छेदाबद्दल बोलतो, पुस्तकाबद्दल नाही.

नोआ वॉर्ड्रिप-फ्रुइन यांनी 2008 मध्ये आपला मसुदा थोडा थोडा करून प्रकाशित केला आणि त्याच वेळी एमआयटी प्रेसने नेहमीचं निनावी परीक्षणही करवून घेतलं. दोन पद्धती एकाच हस्तलिखितावर शेजारी शेजारी चाललेल्या पाहायला मिळाल्या. तुकड्यातुकड्यांत वाचणाऱ्याला समग्र मांडणीबद्दल बोलणं अवघड जातं, ही खुल्या पद्धतीची अडचण तिथे ढळढळीत दिसली. पण तपशिलांत चावडी भारी पडते. ज्या संगणकीय खेळाबद्दल तुम्ही लिहिलंय, तो बनवणाराच येऊन सांगू शकतो की 'हे असं चालत नाही'. दोन परीक्षकांच्या यादीत तो माणूस कधीच आला नसता.

कॅथलीन फिट्झपॅट्रिक यांनी 2009 मध्ये विद्वत्तापूर्ण प्रकाशनाच्या भवितव्यावरचं पुस्तक मीडियाकॉमन्स या अभ्यासकांच्या ऑनलाइन मंचावर खुलं केलं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी प्रेसने ते 2011 मध्ये छापलं. विषय आणि पद्धत इतकी जुळलेली असली की खुलं परीक्षण हाच पुस्तकाचा एक युक्तिवाद होऊन बसतो. कॅथरीन डिग्नॅझिओ आणि लॉरेन क्लाइन यांच्या विदा (डेटा) आणि स्त्रीवाद यांवरच्या पुस्तकाचंही तसंच. 2018 च्या अखेरीस मसुदा पबपब या ऑनलाइन प्रकाशनमंचावर ठेवला, 2020 मध्ये एमआयटी प्रेसने पुस्तक काढलं. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना छापायच्या आधी बोलू द्यायचं, हे तिथे नुसतं सौजन्य नव्हतं, ती पुस्तकाची गरज होती.

आकड्यांत बोलायचं तर मॅथ्यू सॅल्गनिक यांचं उदाहरण. डिजिटल युगातल्या सामाजिक संशोधनावरचं त्यांचं हस्तलिखित प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेसच्या परीक्षकांकडे असतानाच त्यांनी ते 2016 मध्ये खुलं केलं. 31 जणांनी मिळून 495 शेरे लिहिले. एखाद्या लेखकाला यात स्वर्ग दिसेल. मला त्यात 495 वेळा 'मान्य', 'अमान्य' किंवा 'पाहतो' ठरवायची मेहनतही दिसते.

शांतता

याबद्दल कुणी आधी सांगत नाही. चावडी मांडली आणि कुणी फिरकलंच नाही, तर?

'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने 2006 मध्ये खुल्या परीक्षणाचा प्रयोग केला. 1,369 लेखांच्या लेखकांना विचारलं, 71 तयार झाले. त्यांतल्या 33 लेखांवर एकही शेरा आला नाही. उरलेल्या 38 वर मिळून 92. तोही 'नेचर'चा दबदबा असताना. लेखांची ही तऱ्हा, तर तीनशे पानांचं काय? पहिल्या प्रकरणावर गर्दी, पाचव्यावर शुकशुकाट, हे धरूनच चाला. खुलं परीक्षण आपोआप चालत नाही. पंधरा-वीस जणांना नावाने, 'तुम्ही फक्त तिसरं प्रकरण पाहाल का' असं लिहून बोलवावं लागतं. शेऱ्यांना वेळेवर उत्तरं द्यावी लागतात, शिस्त मोडणाऱ्याला आवरावं लागतं. हे काम प्रकाशक करणार की तुम्ही, हे मेलमध्येच लिहून घ्या. बहुधा तुम्हीच करता.

नावं, मान, मुरवत

'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने 1999 मध्ये चाचणी प्रसिद्ध केली होती: परीक्षकाचं नाव लेखकाला कळणार असेल तर काय होतं? अहवालाचा दर्जा घसरला नाही, सुधारलाही नाही. मात्र परीक्षण करायला नकार देणारे वाढले. पुस्तकांच्या जगात हे जास्तच जाणवतं, कारण एकेका उपविषयात माणसं मोजकी आणि सगळी एकमेकांना ओळखणारी. ज्येष्ठ लेखकाच्या मसुद्यावर नोकरीच्या शोधात असलेला तरुण अभ्यासक स्वतःच्या नावाने 'हा युक्तिवाद लंगडा आहे' असं लिहील? तो 'एक सूचना' लिहील, आणि ती सूचनाही तीनदा पुसून. उलट दिशेने पाहिलं तर तरुण लेखकाच्या मसुद्यावर ज्येष्ठाने चारचौघांत हात साफ केला, तर तो शेरा वर्षानुवर्षं शोधात सापडत राहतो.

म्हणून पीएचडीवरून तयार झालेलं पहिलं पुस्तक असेल, तर मी लिफाफ्याकडे झुकेन. निवड समित्यांना 'पीअर रिव्ह्यूड' हा शब्द कळतो, 'खुल्या चर्चेतून सुधारलेलं' कळेलच असं नाही. ॲम्हर्स्ट कॉलेज प्रेससारखे काही प्रकाशक आता पुस्तकाचं परीक्षण कोणत्या पद्धतीने झालं, प्रस्तावाचं की पूर्ण हस्तलिखिताचं, हे पुस्तकासोबत नोंदवतात. ही सोय असलेला प्रकाशक मिळाला तर खुल्या वाटेचा हा धोका बराच कमी होतो.

कल्पना चोरीला जाण्याची भीती मात्र मला फुगवलेली वाटते. तारखेसह सार्वजनिक झालेला मसुदा हाच तुमचा पुरावा असतो. अपवाद एकच: अजून कुणी न पाहिलेली कागदपत्रं हाती लागली असतील, तर ते प्रकरण छापून होईपर्यंत घरात ठेवा. मुलाखतींवर आधारलेलं लेखन असेल तर तिथे चोरीपेक्षा वेगळीच अडचण आहे. ज्यांनी पुस्तकासाठी संमती दिली, त्यांनी कच्च्या मसुद्यासाठी दिलेली नसते. छायाचित्रांच्या परवान्यांचंही तेच. हे तपासल्याशिवाय एक पानही वर चढवू नका.

मग कोणी काय करावं

युक्तिवाद अजून तुमचा तुम्हालाच पटवत असाल, तर बंद. पुस्तक एकसंध कथनासारखं बांधलेलं आहे, प्रकरण सुटं काढलं की मरतं, तरीही बंद. पाठ्यपुस्तकवजा, पद्धतींवरचं, अनेक विषयांना शिवणारं, किंवा हयात माणसांच्या समूहाबद्दलचं असेल, तर खुल्याचा फायदा मोठा. संपादित ग्रंथात तर लेखकांनी एकमेकांची प्रकरणं उघडपणे वाचणं, बाहेरच्यांना न बोलावताही, फार उपयोगी पडतं; हा मधला मार्ग कुणी का सुचवत नाही कळत नाही.

दोन्ही करणार असाल तर क्रमाचा विचार करा. पूर्ण मसुदा एकदम खुला ठेवा, तुकड्यांत नको, म्हणजे ज्याला समग्र वाचायचंय त्याला वाचता येईल. प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी दोन ओळींत विचारा: 'इथे मला शंका आहे ती ही.' लोक विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतात, नुसत्या 'अभिप्राय कळवा'ला नाही. बंद होण्याची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा. दोन-अडीच महिने पुरे. निनावी अहवाल हातात येण्याआधी खुल्या शेऱ्यांवरून मांडणी बदलू नका, नाहीतर परीक्षक एक पुस्तक वाचत असतील आणि तुम्ही दुसरं लिहीत असाल.

आणि करारावर सही करण्याआधी एवढं विचारून घ्या: पुस्तक छापून आल्यावर खुला मसुदा आणि त्यावरचे शेरे तसेच राहणार का, किती काळ, कुणाच्या सर्व्हरवर, आणि शेरे लिहिणाऱ्यांचं ऋण पुस्तकात नावानिशी मानता येईल का.